गाडी काढून आवा ओदोरीला: टोळक्याने जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जून उजाडला की जपानच्या शिकोकू बेटावरच्या आवा ओदोरी या नाचाच्या उत्सवाबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात. विचारणारे साधारण दोन गटांतले. एक, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला चार दिवस जोडून भारतातून येणारे कॉलेजचे जुने मित्र. दुसरे, ओसाका-टोकियोत नोकरी करणारे आणि ही मंडळी ज्यांच्या घरी येऊन थडकणार आहेत ते. दोघांसाठी उत्तरं एकत्र केली आहेत. दर, वेळा आणि पार्किंगच्या जागा दरवर्षी बदलतात, तेवढं त्या त्या वर्षी अधिकृत पानावर बघून घ्या.

आवा ओदोरी म्हणजे नक्की काय? आणि कधी असतं?

दरवर्षी १२ ते १५ ऑगस्ट, तोकुशिमा शहरात. वार कोणताही असो, तारखा त्याच. ओबोन म्हणजे पितर घरी येतात ते दिवस. त्या दिवसांत जपानभर गावोगावी नाच होतात, आणि त्यातला सर्वांत गाजलेला हा. परंपरा चारशे वर्षांहून जुनी सांगतात. १५८७च्या सुमारास हाचिसुका इएमासा या सरदाराने किल्ला पुरा झाल्याच्या आनंदात रयतेला मोकळं सोडलं आणि लोक दारू पिऊन नाचले, ही दंतकथा तिथे सगळ्यांच्या तोंडी असते. नाचणाऱ्या गटाला ‘रेन’ म्हणतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होतं ते रात्री साडेदहापर्यंत. अडीच लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर. कोविडच्या आधीच्या वर्षांत इथे चार दिवसांत दहा लाखांवर गर्दी मोजली जायची. हा आकडा डोक्यात ठेवूनच पुढची उत्तरं वाचा.

शिकोकू बेट आहे ना? मग गाडी बोटीत घालावी लागते का?

नाही. कोबेहून आकाशी काइक्यो पुलाने आवाजी बेटावर उतरायचं, ते बेट उत्तर-दक्षिण ओलांडायचं आणि ओनारुतो पुलाने शिकोकूवर पोचायचं. कोबे-निशी ते नारुतो हा पूर्ण द्रुतगती मार्ग ८९ किलोमीटरचा आहे. आकाशीचा पूल १९९८मध्ये खुला झाला. त्याची लांबी ३,९११ मीटर, आणि दोन मनोऱ्यांमधला गाळाच १,९९१ मीटरचा. ओनारुतो त्याच्याआधीचा, १९८५चा. बोटीचा पर्यायही आहे, पण तो परतीसाठी जास्त कामाचा. वादळाचं आणि परतीच्या वाटेचं उत्तर बघा.

गाडी हवीच का? ट्रेन-बसने नाही जमणार?

फक्त नाच बघून परत यायचं असेल तर गाडी नकोच. कोबे आणि ओसाकाहून तोकुशिमाला थेट हायवे बस आहे, दोन-अडीच तासांची. शिकोकूतल्याच ताकामात्सू शहरातून एक्स्प्रेस ट्रेन तासाभरात पोचवते. तोकुशिमा स्टेशनात मात्र सुइका-इकोका ही टेकवून जायची रेल्वे कार्डं चालत नाहीत. कागदी तिकीट काढा आणि माणसाच्या हातात द्या.

गाडीची गंमत आजूबाजूच्या दिवसांत आहे: आवाजी बेट, नारुतोचे भोवरे, इया खोऱ्यातले घाट. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. गाडी दिवसा फिरायला. संध्याकाळी सहानंतर तिला मुक्कामावर झोपवायची आणि शहरात ट्रेनने किंवा पायी शिरायचं. टोळक्यांचे बहुतेक घोळ ‘गाडी अगदी मांडवापर्यंत नेऊ’ या हट्टातून होतात.

भारतीय लायसन्सवर गाडी मिळते का?

नुसत्या लायसन्सवर नाही. भारतातल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जपान १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना मानतो आणि भारत त्या करारात आहे. परवाना वर्षभर चालतो. गाडी घेताना परवाना, मूळ भारतीय लायसन्स आणि पासपोर्ट, तिन्ही दाखवावे लागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

आरटीओ बहुधा व्हिसाची प्रत मागतं, म्हणजे आधी व्हिसा, मग परवाना. ऑगस्टचा बेत असेल तर जूनमध्येच हालचाल करा. ऑनलाइन ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या वेबसाइटींच्या नादी लागू नका. ते रंगीत पुस्तक काउंटरवर ठेवलंत की समोरचा माणूस नम्रपणे मान हलवतो, आणि सहा जणांची सहल तिथेच बसची सहल होते. ड्रायव्हर एकच ठेवू नका. निदान दोघांकडे परवाना असू द्या आणि दोघांचीही नावं भाडेकरारात घाला. करारात नाव नसलेल्याने गाडी चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो.

आमच्यातला एक जपानमध्येच राहतो आणि एक जर्मनीतून येणार आहे. त्यांनाही हेच नियम का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात.

जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस दिवाळीला दोन-तीन आठवडे घरी गेला, येताना नवा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन आला आणि त्यावर गाडी चालवू लागला, तर ते बेकायदा आहे. जपानबाहेर सलग तीन महिने तरी राहून परत आलेलं असावं लागतं. त्याला जपानी लायसन्स करून घेणं भाग आहे. भारतीय लायसन्स बदलून घेता येतं, पण ऑक्टोबर २०२५पासून त्यातली लेखी परीक्षा दहाऐवजी पन्नास प्रश्नांची झाली आहे. आयत्या वेळी होणारं काम नाही ते.

जर्मनीचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतच नाही, कारण तो दुसऱ्या कराराखालचा असतो. जर्मन लायसन्सवाल्याला त्याचं अधिकृत जपानी भाषांतर लागतं. ते जपान ऑटोमोबाइल फेडरेशनकडून मिळतं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडवाल्यांचंही तेच. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मित्रांनी तिथून १९४९च्या कराराचा परवाना काढून आणला की झालं.

आम्ही आठ जण आहोत. आठ सीटची गाडी घेऊ ना?

माणसं मावतील, बॅगा नाही. जपानी आठ-सीटरमध्ये तिसरी रांग उघडली की मागे उरते ती एक पातळ फट. त्यात दोन केबिन बॅगा उभ्या राहतात, फार तर. आठ जणांना दोन छोट्या गाड्या किंवा आठ-सीटरमध्ये सहा जण, हे सुखाचं. नाहीतर मोठ्या बॅगा कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवा. ही सोय जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक हॉटेलातून होते, पण ओबोनच्या आठवड्यात एखादा दिवस जास्त धरा. पिवळ्या नंबरप्लेटच्या छोट्या ‘केई’ गाडीत कायद्याने चारच जण बसतात. पाचवा ‘बसेल रे मांडीवर’ हे इथे नाही. पट्टा सगळ्यांना, मागच्यांनाही. सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, ती गाडी बुक करतानाच मागा.

गाडी कुठून घ्यावी? विमानतळावरूनच?

कान्साई विमानतळावर उतरून रात्रभराच्या प्रवासानंतर थेट ओसाकाच्या उन्नत रस्त्यांच्या जाळ्यात शिरणं हा शहाणपणा नव्हे. बसने कोबेला सान्नोमियाला जा, एक रात्र झोपा आणि सकाळी तिथून गाडी घ्या. पूल तिथून जवळ आहे आणि रस्ता सरळ. दुसरा चांगला मार्ग म्हणजे बसने तोकुशिमा किंवा ताकामात्सूला जाऊन तिथेच गाडी घेणं. पुलांचा टोलही वाचतो. एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडायची असेल तर वेगळे पैसे पडतात. ओबोनसाठी गाड्या लवकर संपतात, दोन-तीन महिने आधी बुक करा.

ईटीसी कार्ड लागतंच का?

ईटीसी म्हणजे आपल्या फास्टॅगसारखी, न थांबता टोल भरायची सोय. सक्ती नाही, पण कार्ड घ्या. या पुलांवर ईटीसीचा टोल रोखीपेक्षा बराच कमी असतो. बऱ्याच रेंटल काउंटरवर कार्ड भाड्याने मिळतं, सगळीकडे नाही, तेव्हा बुकिंग करतानाच विचारा. नाक्यावर जांभळी पाटी ईटीसीची, हिरवी रोखीची. चुकून भलत्या लेनमध्ये शिरलात आणि दांडा उघडला नाही, तर गाडी मागे घेऊ नका. बटण दाबा, कोणीतरी स्पीकरवर बोलतो. मागे रांग लागते, पण हॉर्न कोणी वाजवत नाही. भारतातून आलेल्या मित्रांना या शांततेचाच जास्त ताण येतो.

तिथे गाडी डावीकडूनच चालते ना? मग आपल्याला काय अवघड?

डावीकडूनच. अवघड आहेत त्या आपल्या सवयी. लाल दिव्याला डावीकडे वळायचं नाही, रिकामा रस्ता असला तरी नाही. उलटा लाल त्रिकोण दिसला की चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. ‘जरा हळू केली’ हे थांबणं धरत नाहीत, आणि पोलीस नेमका तिथेच कोपऱ्यात उभा असतो. रेल्वे फाटक उघडं असलं तरी आधी थांबायचं, मग जायचं. वळताना झेब्रावर माणूस असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत वाट बघायची. पाटी नसेल तर साध्या रस्त्यावर कमाल वेग ६०, द्रुतगती मार्गावर १००. पुलांवर वारा असेल त्याप्रमाणे फलकावरचा आकडा खाली येतो, तो पाळा.

गाडीतल्या नेव्हिगेशनमध्ये जपानी पत्ता टाकत बसू नका. ठिकाणाचा फोन नंबर टाकला की ते रस्ता काढतं.

पेट्रोल कसं सांगायचं? सेल्फ सर्व्हिसवर गोंधळ होतो.

लाल नळी साधं पेट्रोल, पिवळी महागडं हाय-ऑक्टेन, हिरवी डिझेल. बहुतेक भाड्याच्या गाड्यांना लाल. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. माणूस असेल तर ‘रेग्युरा, मानतान’ एवढं पुरतं: साधं पेट्रोल, टाकी फुल. इया खोऱ्यात जाणार असाल तर खालीच टाकी भरून घ्या, डोंगरातले पंप संध्याकाळी लवकर बंद होतात. गाडी परत करताना टाकी फुल असावी लागते आणि पावती मागतात.

कोबेहून किती वेळ धरायचा?

एरवी दोन तासांच्या आत. ओबोनच्या आठवड्यात त्याचा भरवसा नाही. पुलाच्या कोबेकडच्या तोंडाशी, तारुमी जंक्शन आणि माइको बोगद्याच्या पट्ट्यात गाड्या तुंबतात. जाताना सकाळी सातच्या आत पूल ओलांडा आणि येताना १५ तारखेची दुपार-संध्याकाळ टाळा. पूल संपताच आवाजी सर्व्हिस एरिया आहे, तिथल्या मोठ्या पाळण्यामुळे लांबूनच कळतो. थांबायला उत्तम जागा, पण टोळकं इथेच फुटतं: एक आइस्क्रीमच्या रांगेत, दोघं पुलाचे फोटो काढताहेत, एक टॉयलेटला गेला तो तिकडे दुकानात सापडतो. ‘दहा मिनिटं’ म्हणून थांबलेले पाऊण तासाने निघतात. वेळापत्रकात तो पाऊण तास आधीच धरा, म्हणजे भांडण होत नाही.

नारुतोचे भोवरे वाटेतच आहेत. नाचाच्या दिवशी जमतील का?

जमतील, पण घड्याळ तुमचं नाही, समुद्राचं. भरती-ओहोटीचा जोर असतो त्याच्या पुढेमागे तास-दीड तासच भोवरे नीट दिसतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सर्वांत मोठे, वीस मीटर व्यासापर्यंत. त्या दिवसाच्या वेळांचा तक्ता आधी बघा. ओनारुतो पुलाच्या पोटातून ४५० मीटरची पायवाट आहे. तिच्या टोकाला काचेच्या जमिनीतून ४५ मीटर खाली फेसाळतं पाणी दिसतं. उंचीची भीती असणाऱ्याला तिथे ढकलायची हौस मित्रांना फार, आवरा. चुकीच्या वेळी गेलात तर नुसता निळा समुद्र बघून परत याल.

गाडी तोकुशिमात कुठे लावायची?

शक्यतो लावूच नका. मधल्या भागातले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद होतात. एकदा आत अडकलात की नाच संपेपर्यंत गाडी हलत नाही. शहराबाहेर तात्पुरते वाहनतळ असतात आणि तिथून शटल बस, त्यांची यादी दरवर्षी जाहीर होते. सर्वांत सोपं म्हणजे गाडी मुक्कामावरच ठेवून ट्रेनने येणं (मुक्कामाचं उत्तर बघा).

तरी कॉइन पार्किंग वापरलंत, तर असं चालतं. गाडी उभी केली की काही मिनिटांत चाकांच्या मध्ये जमिनीतून लोखंडी पट्टी उठते. जाताना मशीनवर आपल्या जागेचा नंबर दाबायचा, पैसे भरायचे, पट्टी आडवी झाली की नाही हे वाकून बघायचं आणि मगच गाडी काढायची. बरीच जुनी मशीनं नाणी आणि हजाराच्या नोटाच घेतात, आणि काहींना २०२४च्या नव्या नोटा ओळखता येत नाहीत. खिशात सुटे असू द्या. ‘दिवसाचा जास्तीत जास्त दर’ अशी पाटी असली तरी सणाच्या दिवसांना वेगळा दर लावलेला असू शकतो. खालची बारीक ओळ फोनने भाषांतर करून वाचा.

राहायचं कुठे? तोकुशिमात सगळं फुल दाखवतंय.

दाखवणारच, आणि जे उरलंय त्याचे दर बघून डोळे पांढरे होतील. नारुतो जवळ आहे आणि तिथून लोकल मिळते. ताकामात्सूला खोल्या जास्त. आवाजी बेट सुंदर, पण तिथे ट्रेनच नाही, म्हणजे कोणीतरी गाडी चालवणार आणि तो पिणार नाही. खोली ठरवण्याआधी शेवटच्या ट्रेनची वेळ बघा. सणाच्या दिवसांत जास्तीच्या गाड्या सोडतात, त्यांचं वेळापत्रक वेगळं येतं.

तिकीट काढावं की फुकट बघावं?

पहिल्यांदा जात असाल तर एका सत्राचं तिकीट काढा, उरलेला वेळ रस्त्यावर घालवा. नाचाच्या ठरावीक मार्गांवर दोन्ही बाजूंना पायऱ्यांची बैठक उभारतात. काही मार्ग तिकिटाचे, काही फुकट. संध्याकाळची दोन सत्रं असतात. नामवंत रेन तिकिटाच्या मार्गांवर हमखास दिसतात.

पण अंगावर काटा येतो तो गल्लीत. बायकांचा गट जवळ येतो तेव्हा आधी नाच दिसत नाही, ऐकू येतो. पन्नास जोड्या लाकडी गेता डांबरावर एकाच क्षणी पडतात. त्या पूर्ण पाऊल टेकवत नाहीत, गेताच्या पुढच्या टोकावर तोल. दुमडलेल्या गवती टोपीखाली फक्त हनुवटी दिसते, हात डोक्यावर आणि मनगटं हलत असतात. पुरुष उलट, गुडघे इतके वाकवून की खुर्चीत बसल्यासारखे. मागे शामिसेन, बासरी आणि ढोल असतात, पण लय धरून ठेवते ‘काने’ नावाची हाताएवढी घंटा. ढोलपथकात ताशाचं जे काम, तेच तिचं. ती वाजवणाऱ्यावर सगळ्यांचं लक्ष असतं.

एका सत्राचं तिकीटही मिळालं नाही तर बिझान डोंगराच्या पायथ्याशी आवा ओदोरी काइकान हे सभागृह आहे. तिथे वर्षभर नाच होतो.

आम्हाला नाचता येतं का, की फक्त बघायचं?

नाचाच! त्यासाठी ‘निवाका-रेन’ असतं. नाव नोंदवायचं नाही, पैसे नाहीत, कपडे कसलेही. ठरलेल्या जागी जमायचं, अनुभवी नाचणारे थोडं शिकवतात आणि सगळी झुंड प्रेक्षकांसमोरून नाचत जाते. जमण्याची जागा आणि वेळ त्या वर्षीच्या पत्रकात असते.

चाल दोन मात्रांची आहे. उजवा पाय पुढे टाकला की उजवाच हात पुढे, डावा पाय की डावा हात. सोपं वाटतं, पण शरीर आयुष्यभर उलट चालत आलेलं असतं, त्यामुळे पहिली दोन मिनिटं सगळं टोळकं लटपटतं. लेझीम खेळलेल्यांना लवकर जमतं, ‘मी गरब्यात नंबर काढतो’ वाल्यांना उशिरा. कोणी ‘यात्तोसा’ म्हणून ओरडलं की ‘आ, यात्तो यात्तो’ असं परत ओरडायचं. बूट बंद घाला, चपला गर्दीत राहतात. पाण्याची बाटली आणि टॉवेल जवळ ठेवा, ऑगस्टमध्ये रात्रीही हवा अंगाला चिकटते.

एखादी बिअर घेतली तर ड्रायव्हरला चालेल ना?

नाही. अर्धीही नाही. पकडण्याची मर्यादा श्वासात लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्लासातही ओलांडता येते. शिवाय शिक्षा एकट्या ड्रायव्हरला होत नाही. तो प्यायलाय हे माहीत असून शेजारी बसणारा, त्याला पाजणारा आणि त्याच्या हातात गाडी देणारा, सगळे गुन्हेगार ठरतात. तुरुंगवासाची तरतूद आहे. जत्रेत दर दहा पावलांवर बिअर मिळते, तेव्हा ‘आज कोण पिणार नाही’ हे सकाळीच ठरवा. संध्याकाळी ठरवायला गेलात की सगळे अचानक चिठ्ठ्या टाकायला तयार होतात.

मग प्यायलो आणि गाडीतच झोपलो तर? किंवा ड्रायव्हर बोलावला तर?

बंद गाडीत झोपणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे, पण ऑगस्टच्या उकाड्यात एसीशिवाय झोप लागत नाही आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला बऱ्याच ठिकाणी स्थानिक बंदी आहे. मोठा धोका सकाळचा. चार तास झोपून उठलात तरी दारू अंगात असते, आणि सकाळची तपासणी याच हिशेबाने होते.

‘दाइको’ नावाची सेवा असते. दोघं येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा त्यांच्या गाडीतून मागे येतो. एरवी छान. सणाच्या रात्री मिळणं मुश्कील, आणि भाड्याच्या गाडीला विमा लागू होतो की नाही हे रेंटल कंपनीला आधीच विचारलेलं असायला हवं.

गर्दीत कोणी हरवलं तर?

हरवणारच, नाचणारी झुंड माणसाला वाहून नेते. ‘स्टेशनसमोर भेटू’ हे ठिकाण नव्हे, तिथे अर्धं शहर उभं असतं. नाचाच्या मार्गांपासून दोन-तीन गल्ल्या बाहेरचं एखादं दुकान नकाशावर खूण करून सगळ्यांना पाठवा, आणि ‘दर तासाच्या ठोक्याला तिथे’ असं ठरवा. नेटवर्क मंद होतं, मेसेज उशिरा पोचतात. गाडीची किल्ली आणि खोलीची किल्ली एकाच माणसाच्या खिशात नको.

शाकाहारी लोकांनी काय खायचं?

आधीच तयारी करायची. तोकुशिमाची प्रसिद्ध रामेन (रश्शातल्या नूडल्स) डुकराच्या मांसाची, वर कच्चं अंडं. उदोन या जाड नूडल्स दिसायला निरुपद्रवी, पण रश्शात मासळीचा अर्क असतो, ताकामात्सूकडच्या कागावा प्रांतात तर सुकवलेल्या छोट्या माशांचा. स्टॉलवर मिळणारं भाजलेलं मक्याचं कणीस, फ्रेंच फ्राइज, बर्फाचा गोळा, आणि दुकानात नारुतोचं गोड लालसर रताळं, एवढ्यावर संध्याकाळ निघते. जपानभर नेपाळी मंडळींनी चालवलेली इंडियन हॉटेलं आहेत, नकाशावर आधी शोधून ठेवा. सुदाची नावाचं हिरवं छोटं लिंबू तोकुशिमाचं खास, ते कशावरही पिळा.

घरून मेतकूट, चटण्या, थेपले, भडंग आणा. मांसाचा कुठलाही पदार्थ विमानतळावर काढून घेतात. ताजी फळं आणि भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, तेव्हा आईने दिलेला कढीपत्ता घरीच ठेवा.

वादळ आलं तर? पैसे बुडतात का?

ऑगस्ट हा वादळांचा महिना. २०१९मध्ये शेवटचे दोन दिवस आणि २०२३मध्ये शेवटचा दिवस वादळामुळे रद्द झाला होता. म्हणून नाच १२ किंवा १३ तारखेलाच उरकून घ्या आणि पुढचे दिवस राखीव ठेवा. तिकिटाच्या परताव्याचे नियम तिकिटावर असतात.

खरा प्रश्न पुलांचा. वारा वाढला की आधी वेगमर्यादा उतरते, मग पूल बंद होतो. आकाशीचा बंद असला तर ओकायामाकडचा सेतो ओहाशी चालू असू शकतो, पण मोठ्या वादळात तोही बंद आणि बोटीही बंद. अशा वेळी धावपळ करून उपयोग नाही. मुक्काम एका रात्रीने वाढवा, रेंटल कंपनीला फोन करा, दुकानातून खायचं भरून आणा. परतीचं विमान १६ तारखेच्या सकाळचं ठेवू नका.

गाडी घासली. तेवढ्यासाठी पोलीस बोलवायचे का?

हो. खांबाला लागली तरी ११० फिरवायचा, कोणी जखमी असेल तर ११९, आणि मग रेंटल कंपनीला. पोलिसांत नोंद नसेल तर विमा लागू होत नाही. समोरचा ‘जाऊ द्या’ म्हणाला तरी जागेवर पैसे देऊन मिटवू नका. पूर्ण विमा घेतला असला तरी गाडी दुरुस्तीला पडते त्या दिवसांचा आकार वेगळा लागतो. तो माफ होणारा वाढीव विमा मिळतो. टोळक्यात गाडी असेल तर तो घ्याच.

परतीच्या वाटेवर मराठी माणसाने बघावं असं काही?

तोकुशिमा ते वाकायामा गाडीसकट बोट जाते, साधारण दोन तास. पुलावरची गर्दी टळते आणि ड्रायव्हरला झोप मिळते. वाकायामाहून कोयासानला चढा. हे मठांचं डोंगरगाव वसवणारा बौद्ध भिक्षू कूकाई मूळचा शिकोकूचा, आणि शिकोकूतल्या ८८ मंदिरांची यात्रा त्याच्याच नावाने चालते. तिचं पहिलं मंदिर र्योझेनजी नारुतोमध्ये, तुमच्या वाटेवरच आहे. कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं. घाटरस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा.

टोकियोतही आवा ओदोरी असतं ना? मग एवढं लांब कशाला?

असतं. कोएंजीमध्ये, ऑगस्टच्या शेवटी, १९५७पासून. लोकलने जाता येतं, गाडीचा प्रश्नच नाही. तारखा जमत नसतील तर तिथे जरूर जा. तोकुशिमात मात्र चार दिवस अख्खं शहर त्याच एका कामाला लागलेलं असतं, दुपारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येही कोणीतरी सराव करत असतं.

गाडीवर पिवळं स्टिकर लावलंय. काढून टाकू का? आम्ही तर परवा भारतात जाणार.

काढून फेकू नका. ती चुकीच्या जागी गाडी लावल्याची नोटीस आहे. आधी रेंटल कंपनीला फोन करा, मग स्टिकरवर सांगितलेल्या पोलीस ठाण्यात जा, दंड भरा आणि पावती गाडी परत करताना दाखवा. पावती नसेल तर कंपनी स्वतःचा ठरलेला दंड क्रेडिट कार्डावर लावते, आणि तो सहसा पोलिसांच्या दंडापेक्षा जास्त असतो. कार्ड ज्याच्या नावाचं आहे त्याने बाकीच्यांकडून पैसे विमानतळावरच वसूल करावेत. पुण्याला पोचल्यावर कोणी फोन उचलत नाही.